मापात पाप नको

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुमच्या त्या फोटो धुण्याच्या नादाबद्दल दहा मिनिटं बोला." हायपोमध्ये फिल्म ठेवायची असते तीही दहा मिनिटंच. तेव्हा वेळ बरोबर पाळतो.

आज आपला रौप्यमहोत्सव आहे. ब्लॅक अँड व्हाइट फोटो हेही रौप्यकामच. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. ज्या कणांवर उजेड पडला, त्यांची डेव्हलपर शुद्ध चांदी करतो. ती काळी दिसते. उरलेले कण हायपो विरघळवून काढतो. म्हणजे निगेटिव्हमध्ये आपलं माणूस दिसतं ते चांदीतच.

मी नोकरीला लागलो तेव्हा १९७०चं दशक होतं. आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. एका रोलमध्ये १२ फोटो. स्टुडिओत धुवायला द्यायचे तर पगाराला परवडेना, म्हणून घरीच सुरू केलं. यात नवीन काहीच नव्हतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा फिल्म धुण्याचं काम दादरला घरातच चालायचं आणि रसायनं कालवायला सरस्वतीबाई असायच्या. एक गृहिणी अख्खा सिनेमा धुते, मग आपल्याला १२ फोटो का जमू नयेत?

कोडॅकचं डी-७६ नावाचं जुनं माप आहे. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. आता २ ग्रॅम तोलायचं कशात? किराणा दुकानाच्या काट्यावर ते कळतसुद्धा नाही. मी सराफ्यात एका ओळखीच्या सोनाराकडे जायचो. तो गुंजा-मासे तोलणारा माणूस, हसत हसत पुड्या बांधून द्यायचा. बोरॅक्स तर त्याच्याकडेच असायचा, कारण डाग द्यायला लागणारा टाकणखार तो हाच.

पाणी आधी पाऊण लिटर घ्यायचं, साधारण ५० अंश गरम. पहिल्यांदा मेटॉल. सल्फाइट आधी टाकलं की मेटॉल नीट विरघळत नाही, हा क्रम चुकवायचा नाही. मग सल्फाइट, ते हवेपासून डेव्हलपरला जपतं. मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स. एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरं टाकायचं नाही. मग गार पाणी घालून बरोबर एक लिटर करायचं. बाटली गळ्यापर्यंत भरायची आणि वर ठळक अक्षरात 'विष' लिहून कुलपात ठेवायची. स्वयंपाकाचं एकही भांडं यात वापरायचं नाही. यावरून आमच्या घरी एकदाच भांडण झालं, तेवढं पुरलं.

फिल्म टाकीत भरायची ती पूर्ण अंधारात. मी रात्री दिवे घालवून गोधडीत शिरायचो.

खरी अडचण आपल्या जालन्याच्या उन्हाळ्याची. डेव्हलपर हवा २० अंशाला आणि बाहेर चाळिशी पार. २० अंशाला ८ मिनिटं लागत असतील, तर २४ अंशाला साडेपाच-सहा मिनिटांतच तेवढं काम होतं. त्याच्याही वर गेलं की जिलेटिन फुगून मऊ पडतं.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी चूक केली.

मे महिना होता. माझी आजी खिडकीपाशी डाळ निवडत बसली होती. तिचा आयुष्यात एकही फोटो नव्हता. मी म्हटलं, "आजी, वर बघ." ती बघून हसली. त्याच संध्याकाळी घाईनं डेव्हलपर कालवला. तो गार व्हायला रात्रभर ठेवायला हवा होता. मला धीर निघेना. घरात थर्मामीटर होता तो तापाचा, तो ३५ अंशाच्या खालचं दाखवतच नाही. मी बोट बुडवलं, बोटाला कोमट लागलं, म्हटलं चालतंय. धुताना फिल्मवरचा थर माझ्या बोटाखाली दुधावरची साय सरकावी तसा सरकला. बाराही फोटो मोरीतून वाहून गेले.

आजीला सांगितलं, तर म्हणाली, "मग काय झालं रे, पुन्हा काढ की." मी म्हटलं, पगार झाला की नवा रोल आणतो. आषाढात ती गेली. आजही आमच्या घरात तिचा फोटो नाही.

त्यानंतर मी चांगला थर्मामीटर घेतला. रसवंतीवाल्याकडून भुसा लावलेला बर्फ आणून बाटली त्यात ठेवायला लागलो. अंदाज हा शब्द या कामातून काढून टाकला. बँकेत कॅश एक रुपयाने चुकली, तर रात्री बसून शोधता येते. धुतलेली फिल्म पुन्हा धुता येत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीचं भूमिपूजन झालं, त्या दिवशी मी एक ब्लॅक अँड व्हाइट रोल काढला होता. तेव्हाही इथे पाण्याची बोंब होती. फिल्म नळाखाली अर्धा तास धुवायचं पाणी कुठून आणणार? टाकी भरायची, हलवायची, ओतायची, असं अनेकदा करून थोड्या पाण्यात भागवलं. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडू नयेत म्हणून शेवटचा हात बॅटरीत घालायच्या पाण्याचा. त्या १२ निगेटिव्ह आजही स्वच्छ आहेत. त्यांचेच मोठे फोटो हॉलच्या दाराशी लावलेत. कुदळ हातात घेतलेले, नारळ फोडणारे, उन्हात रुमाल डोक्यावर घेतलेले. त्यातली काही माणसं आज आपल्यात नाहीत. त्यांच्या घरची मंडळी मघाशी तिथे बराच वेळ उभी होती.

म्हणून एक विनंती. तुमच्या कपाटात, ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या टाकू नका. कडेला धरा, मधे बोट लावू नका, बटर पेपरच्या पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा. कुणाच्या आहेत ते पेन्सिलीनं पाकिटावर लिहा. ओळखणारी म्हातारी माणसं घरात आहेत तोवर हे करून घ्या.

आणि बालमित्रहो, माझी टाकी अजून शाबूत आहे. कुणाला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी या. आधी आठ दिवस नुसतं पाणी मोजायला लावीन, एवढी तयारी ठेवा.

दहा मिनिटं झाली.