पाळी जाताना विम्याचं कार्ड काय देतं?



आमच्या मंडणगड तालुक्यात गटाच्या बैठकीत "तुमचा विमा आहे का?" असं विचारलं की बहुतेक सगळ्या हात वर करतात. "कसला?" असं विचारलं की एखादी म्हणते, "बँकेतून पैसे कापतात ना, तोच." बँकेतून वर्षाला ४३६ रुपये कापले जातात ते पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे आणि २० रुपये जातात ते सुरक्षा विम्याचे. पहिल्यात माणूस गेला तर वारसाला दोन लाख मिळतात. दुसऱ्यात अपघाताने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पैसे मिळतात. दोन्ही चांगले आहेत, बंद करू नका. पण तुम्ही जिवंत आहात, रात्री घामाने भिजून उठताय, महिन्यातून दोनदा पाळी येतेय, जिना चढताना धाप लागतेय, तर या दोन्ही विम्यांतून एक रुपयाही येत नाही. त्यासाठी आरोग्य विमा लागतो, आणि तोही या दुखण्याला कितपत पुरतो तेच आज बोलायचं आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली, असं डॉक्टर धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. परदेशातल्या गोऱ्या बायकांचं वय ५१ च्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला हे चार-पाच वर्षं आधीच गाठतं. त्याच्या आधीची काही वर्षं जास्त त्रासाची. अंगातून वाफा निघतात, छातीत धडधडतं, झोप उडते, सांधे धरतात, लघवीला जळजळ होते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं. हे शेवटचं तर आपण आईपाशी, बहिणीपाशीसुद्धा बोलत नाही. चिडचिड होते, आणि घरात त्यावर "हिचं डोकं फिरलंय" एवढंच निदान होतं. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभी असताना अंगातून वाफ आली तर कुणाला सांगणार? सगळ्याच घामाघूम असतात.

याच्यावर उपचार आहेत. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, गरज पडली तर थायरॉईडची तपासणी आणि सोनोग्राफी. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधं. काही जणींना हार्मोनच्या गोळ्या उपयोगी पडतात, मात्र त्या डॉक्टरांनी तपासून दिल्या तरच. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय किंवा रक्ताची गुठळी झाली होती त्यांना सहसा देत नाहीत. शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणायची ही वस्तू नव्हे. आता बघा, यातल्या बहुतेक गोष्टींसाठी दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही. केसपेपर काढा, तपासून घ्या, गोळ्या घ्या, घरी या. आणि आपला आरोग्य विमा नेमका इथेच हात वर करतो.

आपलं मोठं कार्ड म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सावित्रीपलीकडच्या रायगडला ती तेव्हाच मिळाली, आपल्या रत्नागिरीला नोव्हेंबर २०१३ उजाडला. २०१७ ला नाव बदललं. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ला आली, ती तिच्याशी जोडली गेली. २०२३ च्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण झालं आणि पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असलेलं कुटुंब त्यात आलं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र घेऊन आधी त्याच्याकडे जायचं. यादीतल्या उपचारासाठी भरती झालात तर खाट, औषधं, तपासण्या, जेवण, कशाचेच पैसे द्यायचे नाहीत. पण यादीतला उपचार आणि भरती, या दोन्ही अटी पक्क्या. झोप लागत नाही, वाफा येतात म्हणून बाहेरच्या विभागात दाखवलं तर या कार्डातून काही मिळत नाही.

म्हणून हे कार्ड निरुपयोगी आहे असं म्हणू नका. आमच्या एका मावशींना पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर अंगावर डाग दिसला. त्यांना वाटलं, उष्णता झाली. गटातल्या मुलींनी ओढून नेलं म्हणून पिशवीच्या कॅन्सरचं निदान लवकर झालं. ऑपरेशन आणि पुढचे उपचार कार्डावर झाले, घरातलं किडूकमिडूक विकावं लागलं नाही. पाळी गेल्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं. दरवेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण तो आहे की नाही हे घरी बसून कळत नाही.

दुसरी गोष्ट उलटी आहे. गटातली एक वहिनी, वय ४४. पाळीत खूप जायचं, दहा-दहा दिवस. बाहेरच्या तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात गेली. पाच मिनिटांत सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. खर्च चाळीस हजार. तिने गटाकडे कर्जाचा अर्ज केला, आम्ही मंजूरही केला. फक्त एवढंच म्हटलं की पैसे उचलण्याआधी एकदा सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखव. तिथे कळलं की हिमोग्लोबिन सात आहे आणि पिशवीत लहानशी गाठ आहे, कॅन्सरची नव्हे. गोळ्या सुरू झाल्या, लोह दिलं, तीन महिन्यांत रक्तस्राव आवाक्यात आला. तो अर्ज वहीत अजून तसाच आहे, मंजूर पण न उचललेला.

ही एकट्या आपल्या तालुक्याची गोष्ट नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं तुम्ही ऐकलं असेल. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात संडास नाही, आणि डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमध्ये गरिबांना तीस हजारांचं विमा कार्ड मिळालं, तेव्हा त्या कार्डावर गरज नसताना पिशव्या काढल्याच्या तक्रारी झाल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ५ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की अशी ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने केलेली नियमावली तीन महिन्यांत लागू करा.

आमचं मत स्पष्ट आहे. विमा गोळीचे पैसे देत नाही आणि ऑपरेशनचे देतो, तेव्हा बाईला आणि डॉक्टरलाही ऑपरेशनच सोपं वाटू लागतं. कार्ड आहे म्हणून पिशवी काढायची हे काही कारण झालं नाही. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात अंगावर येतो, तोही ऐन चाळिशीत. हाडं लवकर झिजतात. अंडाशयं ठेवली तरी ती पुष्कळदा लवकर थकतात. म्हणून डॉक्टर "काढा" म्हणाले तर विचारायचं: कशासाठी काढायची? औषधाने होणार नाही का? गर्भाशयाच्या तोंडाची आणि आतल्या अस्तराची तपासणी झाली का? अंडाशयं ठेवणार की काढणार? विचारल्यावर डॉक्टर रागावले तर दुसरा डॉक्टर बघा. आणि खरंच गरज असेल तर घाबरू नका, करून घ्या. ऑपरेशन टाळून रक्त जात राहिलं तरी बाई मरते.

काही जणींचे मुलगे मुंबईला आहेत, ते खासगी कंपनीचा विमा उतरवतात. पॉलिसीचा कागद वाचायला सांगा. सगळ्या कंपन्यांना विकावी लागते अशी एक साधी पॉलिसी आहे, आरोग्य संजीवनी. तिच्यातही पिशवीच्या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराला त्याहून जास्त थांबावं लागतं, आणि बाहेरच्या विभागातला खर्च त्यात नाहीच. म्हणून विमा उतरवायचा तर त्रास सुरू होण्याआधी, पस्तिशी-चाळिशीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे, तेवढा भार हलका झाला. "बाहेरच्या विभागाचा खर्च देता का?" हा प्रश्न एजंटला आधी विचारा. तो बाकी सगळं सांगेल, हे सांगणार नाही.

मग गोळ्या-तपासण्यांचं काय? त्याला विमा लागतच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधांपर्यंत सगळं मोफत आहे. देव्हारे, कुंबळे, पणदेरीची प्राथमिक आरोग्य केंद्रं, मंडणगडचं ग्रामीण रुग्णालय, पुढे दापोली आणि कळंबणीची उपजिल्हा रुग्णालयं, सगळी यात आली. गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरच्या बाईचा रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी व्हायला हवी. जाऊन मागा. "पाळी जायच्या वयातला त्रास होतोय" असं नीट वाक्य बोला. नुसतं "अंग दुखतं" म्हटलं की दुखण्याची गोळी मिळते आणि रांग पुढे सरकते. घरी नाचणीची भाकरी सोडू नका. आपल्या पूर्वीच्या बायका गरिबीने खायच्या, पण १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा जेमतेम अंश.

औषध संपलं म्हणून परत पाठवलं, बाईडॉक्टर कुठल्या वारी येतात ते कुणी सांगत नाही, असं झालं तर एकटीने भांडू नका. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत आपल्या बायका आहेत, तिथे विषय घ्या. ग्रामसंघाच्या शिक्क्याचं पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. कार्डाबद्दल काही विचारायचं असेल तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या नंबरवर फोन लावा, पैसे पडत नाहीत.

आणि एक अडचण खास आपल्या कोकणातली. पुष्कळ घरांत बाई इथे आणि तिचं नाव अजून मुंबईच्या रेशनकार्डावर. कुणाचं आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर माहेरचं. भरती व्हायच्या दिवशी हे उघडकीला येतं आणि सगळं अडतं. तर पुढच्या बैठकीला येताना रेशनकार्ड आणि आधार दोन्ही आणा. दोन्हींवरचं नाव एक आहे का ते आम्ही बसून बघू, ज्यांचं जुळत नाही त्यांचे अर्ज तिथेच भरून तहसील कार्यालयात एकदम नेऊन देऊ.