टेंगळांच्या उतारावरचे दोन भाऊ



आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवरसुद्धा पाहिलेला नसेल. बर्फाचा चांगला उभा उतार डोळ्यांसमोर आणा. या उतारावर वरपासून खालपर्यंत बर्फाची टेंगळं आहेत, एकामागून एक, साधारण साडेतीन मीटरच्या अंतराने. पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधलेला खेळाडू या टेंगळांना वळसे घालत खाली येतो. वाटेत दोनदा हवेत उडी घेतो, तिथेच कोलांटी किंवा गिरकी मारतो, उतरल्या क्षणी पुढच्या टेंगळाला सामोरा जातो. अडीचशे मीटरच्या आसपासची ही सगळी वाट तेवीस-चोवीस सेकंदांत संपते.

फ्रीस्टाइल स्कीइंगच्या या प्रकाराला मोगल म्हणतात. आपल्या इतिहासातल्या मोगलांशी या शब्दाचं काही नातं नाही. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीच्या बोलीत टेकाडाला तसा शब्द आहे, तिथून तो आला. 1992 साली फ्रान्समधल्या आल्बेरव्हिल इथे मोगल पहिल्यांदा ऑलिंपिकच्या पदकांमध्ये आला.

हा खेळ पाहायचा तर गुडघ्यांकडे पाहावं. टेंगूळ आलं की गुडघे पोटाशी येतात, टेंगूळ सरलं की पाय पुन्हा लांब होतात. वरचं धड मात्र डोक्यावर भरलेली घागर असावी तसं स्थिर. दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटलेले हवेत. ते पंचांना लांबून दिसावेत म्हणून खेळाडूंच्या पँटवर गुडघ्यांपाशी वेगळ्या रंगाचं कापड लावलेलं असतं. मी ज्या काळाबद्दल सांगणार आहे, तेव्हा एकूण 30 गुण असत. त्यातले निम्मे वळणांना, उरलेल्यांपैकी अर्धे उड्यांना आणि अर्धे वेगाला. म्हणजे नुसता वेगात आला म्हणून कोणी जिंकत नसे.

या खेळातला एक विजेता म्हणजे कॅनडाचा अलेक्झांद्र बिलोदो. 1987 साली माँट्रियलमध्ये त्याचा जन्म झाला. क्वेबेक प्रांत, घरात फ्रेंच भाषा. तिथल्या मुलांचा खेळ म्हणजे आइस हॉकी. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट, तशी तिकडे हॉकी. लहानगा अलेक्झांद्रही तीच खेळत होता आणि त्यात रमला होता.

त्याला एक थोरला भाऊ आहे, फ्रेडरिक. फ्रेडरिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप नीट पोचत नाहीत. चालणं, बोलणं, हातात पेन्सिल धरणं, सगळ्यालाच कष्ट पडतात. मोठेपणी या मुलाला चालता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं.

आता इथे त्यांच्या आईने काय केलं ते ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट तिथून निघते. हॉकीच्या घरात एक जण बर्फावर असतो आणि बाकीचे बाकावर बसून त्याची वाट पाहतात. धाकट्याच्या सामन्यांमागे थोरल्याने प्रत्येक सुटीत बसून राहायचं, हे तिला मान्य नव्हतं. सगळ्या घराला मिळून करता येईल असा खेळ हवा, असं तिने ठरवलं. हॉकी सुटली आणि घर स्कीइंगला लागलं. फ्रेडरिकही त्यांच्याबरोबर डोंगरावर जाऊ लागला, त्यानेही स्की बांधले. अलेक्झांद्र तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. त्याला त्या वयात वाईट वाटलं असेल, आणि ते साहजिक आहे. पण ऑलिंपिक विजेता घडला तो घरातल्या या एका निर्णयातून, आणि तो निर्णय विजेता घडवण्यासाठी घेतलेलाच नव्हता. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती याच कारणाने.

त्यानंतर वर्षानुवर्षांचा सराव. मोगलचे खेळाडू उन्हाळ्यातही थांबत नाहीत. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवरून स्कीसकट तलावात उड्या मारतात. पडणाऱ्याला पाणी लागू नये म्हणून तळातून हवेचे बुडबुडे सोडून ते मऊ केलेलं असतं. एकच कोलांटी शेकडो वेळा पाण्यात मारायची, मग बर्फावर न्यायची. कंटाळा यायचाच. बिलोदोने मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे की, थकवा आला, तक्रार करावीशी वाटली, की तो भावाकडे पाहायचा. साधी पावलं टाकायला ज्याला इतकी मेहनत लागते तो कुरकुरत नाही, मग आपण कशाबद्दल कुरकुरायचं?

2006 साली तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये तो अठरा वर्षांचा होता. अकरावा आला. 2009 साली जपानमध्ये दुहेरी मोगलचं, म्हणजे दोघं शेजारी शेजारी उतरतात त्या प्रकाराचं, जागतिक विजेतेपद त्याने मिळवलं. आणि मग आलं 2010, व्हँकुव्हर.

त्या स्पर्धेत कॅनडावर एक जुनं ओझं होतं. 1976 साली माँट्रियलला उन्हाळी ऑलिंपिक भरलं, यजमानांना एकही सुवर्णपदक नाही. 1988 साली कॅल्गरीला हिवाळी ऑलिंपिक भरलं, तेव्हाही नाही. घरी पाहुणे बोलावायचे आणि घरच्यांच्या ताटात गोडाचा घास नाही, असं दोनदा झालेलं. तिसऱ्या खेपेला, बिलोदोच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशीच, जेनिफर हील या कॅनडाच्या मुलीला मोगलमध्ये रौप्य मिळालं होतं. त्यातच त्या वर्षी थंडी अशी रुसली की मोगलची स्पर्धा जिथे होती त्या सायप्रस पर्वतावर बर्फ पुरेना. ट्रकमधून, हेलिकॉप्टरमधून बर्फ आणून उतार तयार करावा लागला.

14 फेब्रुवारी 2010, रविवारची संध्याकाळ. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ उजाडत होती. दिव्यांच्या झोतात अंतिम फेरी सुरू होती. ऑस्ट्रेलियाचा डेल बेग-स्मिथ पुढे होता, 26.58 गुणांवर. तोच मागच्या ऑलिंपिकचा विजेता, आणि जन्माने व्हँकुव्हरचाच. वर दोघेच उरले होते: बिलोदो आणि प्राथमिक फेरीत पहिला आलेला फ्रान्सचा गिल्बो कोला.

बिलोदो निघाला. सुमारे तेवीस सेकंद. हा वेळ किती लहान आहे, हे मी बोलत असतानाही तुमच्या लक्षात येईल. मागे पळणारी टेंगळं, गुडघ्यांचा एकसारखा ठेका, दोन उड्या, आणि तो खाली आला. फलकावर आकडा उमटला: 26.75. बेग-स्मिथपेक्षा 0.17 ने जास्त.

पण कोला अजून वर होता. ते मिनिट बिलोदोने खाली उभं राहून काढलं. कोला उतरला आणि सहावा आला. कॅनडाला स्वतःच्या मातीवरचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं होतं. गर्दीतला फ्रेडरिक, अठ्ठावीस वर्षांचा, दोन्ही हात वर करून आनंदाने ओरडत होता. चालता येणार नाही असं ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तो आपल्या पायांवर उभा होता. त्या रात्री कॅनडातल्या पडद्यांवर धाकट्या भावाइतकाच थोरलाही दिसला. व्हँकुव्हरचं ऑलिंपिक संपलं तेव्हा कॅनडाच्या नावावर 14 सुवर्णपदकं होती. पहिलं या घरातलं.

चार वर्षांनी रशियात, सोचीला, कथा थोडी वेगळी होती. आता मोगलमध्ये दबदबा होता मिकाएल किंग्जबरीचा, तोही क्वेबेकचाच, वय 21. बिलोदो 26 चा. 10 फेब्रुवारी 2014 च्या अंतिम फेरीत बिलोदोला 26.31 गुण मिळाले, किंग्जबरीला 24.71. फ्रीस्टाइल स्कीइंगमध्ये ऑलिंपिकचं सुवर्ण राखणारा तो पहिला खेळाडू ठरला. निकाल लागल्यावर तो कुंपणापाशी गेला आणि त्याने फ्रेडरिकला मिठी मारली. ते छायाचित्र कुठे मिळालं तर अवश्य पाहा. त्यात विजेता कोण आणि प्रेक्षक कोण, हे चेहऱ्यांवरून ओळखता येत नाही. त्याच उतारावर दोनच दिवस आधी माँट्रियलच्या दोन सख्ख्या बहिणींनी, जस्टिन आणि क्लोई द्युफूर-लापॉइंत यांनी, महिलांचं सुवर्ण आणि रौप्य जिंकलं होतं, आणि तिसरी बहीण माक्सीमही त्याच स्पर्धेत उतरली होती. क्वेबेकच्या काही घरांत हा असा सगळ्या घराचा खेळ आहे.

त्या मोसमानंतर बिलोदोने स्की बाजूला ठेवले. हिशेबशास्त्राचा अभ्यास त्याने माँट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठात केला होता, आणि पुढे तो त्याच व्यवसायात गेला. किंग्जबरीलाही 2018 साली ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. फ्रेडरिक चित्रं काढतो.

शेवटी माझ्याकडचं थोडं. मी बरीच वर्षं एका शाळेत खेळ शिकवला. एका तुकडीत पायांना कॅलिपर लावलेला एक मुलगा होता. खेळाच्या तासाला आम्ही त्याला झाडाखाली बसवायचो आणि सगळ्यांची दप्तरं, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला सांगायचो. त्यालाही काम मिळालं, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. तो तक्रार करत नसे. तो कोणता खेळ खेळू शकेल, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. सायप्रस पर्वतावरची ती रात्र मी नंतर पाहिली, तेव्हा मला त्या आईच्या आधी हा मुलगा आठवला.

श्रोतेहो, तुमच्या घरात, चाळीत, शाळेत असं मूल असेल, तर येत्या रविवारी मुलं मैदानावर निघतील तेव्हा त्यालाही बरोबर न्या. दप्तरं दुसरं कोणीही सांभाळेल. कोणता खेळ खेळायचा, ते आधी त्याला विचारा आणि मग बाकीच्यांना तो खेळायला सांगा.