मुलांपाशी गेलेली शाळा



आता तुम्हांला अक्षर लागले आहे. बसची पाटी वाचता, पंचायतीच्या फळ्यावरची नोटीसही वाचता. तेव्हा आज आम्ही आपल्याच पालघर जिल्ह्यातली एक हकिकत सांगतो.

ताराबाई मोडक मोठ्या शिकलेल्या बाई. भावनगरला गिजुभाईंबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले. पण त्या रडत बसल्या नाहीत, शिकल्या.

गरिबांची मुले बालवाडीत येत ना. मग बाईच त्यांच्या अंगणात गेल्या. आधी तोंड धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. महागडी साधने कुठून आणणार? चिंचोके, शिंपले, पाने, खडे हीच साधने! अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढे १९७५ साली सरकारने योजना काढली, आणि आज गावोगावी अंगणवाडी आहे.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांचे पाडे. मुलगे गुरे राखीत, मुली धाकटी भावंडे कडेवर घेऊन बसत. आम्ही मास्तर मंडळी घंटा वाजवून मुलांची वाट बघतो. इथे घंटाच कुरणात गेली! गुरे चरताहेत, पोरे शिकताहेत. ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी केली. धाकट्याला ठेवून ताई शेजारीच शिकायला बसे.

आता आपल्याकडे बघा. आईबाप पहाटे बोईसरच्या नाक्यावर नाहीतर तारापूरच्या कारखान्यात जातात. काही घरे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. धाकट्याला कोण बघणार? थोरली पोर. गुरे कमी झाली, कारखाने आले, पण तिच्या कडेवरचे ओझे तसेच आहे.

अंगणवाडीताई एकटी किती पाडे फिरेल? पाड्यातली एखादी आजी, एखादी शिकलेली सून सकाळी पोरे सांभाळील. बाकीच्या घरांनी तिला मूठ मूठ तांदूळ द्यावेत. देवळाची ओसरी दिवसभर रिकामीच असते.

आणि पाळणाघराची मागणी ग्रामसभेत लेखी द्या. आता लिहिता येते ना? पाड्याचे नाव, मुले किती, तारीख, खाली सगळ्यांच्या सह्या. अंगठे नकोत. एक नक्कल जवळ ठेवा, आणि तिच्यावर पंचायतीचा शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नका.