कबुलीची किंमत

मोबाइल फोनमध्ये विजेरीची सोय अंगचीच असू लागली, त्यापूर्वी तेवढ्या एका कामासाठी निराळे ॲप उतरवून घ्यावे लागे. 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचे असेच एक ॲप अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांनी घेतले होते. फुकट मिळणारे, एकच काम करणारे आणि दिसायला अगदी निरुपद्रवी. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या ॲपच्या मालकांवर ठपका ठेवला. तो असा की, हा दिवा अंधार उजळीत असतानाच, दिवा हाती धरणारा माणूस नेमका कोठे उभा आहे, याची खबर जाहिरातींच्या यंत्रणांना पोचवीत होता. ॲपबरोबर एक जाहीर निवेदन होते. गोळा होणारी माहिती कंपनी स्वतः वापरील, एवढे त्यात लिहिले होते. ती परक्याच्या हाती जाईल, हे मात्र लिहिलेले नव्हते. ॲप प्रथम उघडताच 'मान्य' आणि 'अमान्य' अशी दोन बटणे समोर येत. गंमत अशी की, माणसाचे बोट बटणापर्यंत पोचण्यापूर्वीच खबर रवाना झालेली असे.

एका विजेरीच्या या हकिकतीत फार मोठा प्रश्न दडलेला आहे. कंपनी लोकांची कोणती माहिती घेते आणि तिचे काय करते, हे तिने उघड सांगावे, अशी सक्ती केली म्हणजे कंपनीचे वर्तन सुधारते काय? आणि ते वाचून माणूस सावध होतो काय?

उघड सांगण्याची ही रीत कॅलिफोर्नियात २००४ साली अंमलात आलेल्या एका कायद्याने रुजली. त्या राज्यातील लोकांची माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाने गोपनीयतेचे निवेदन ठळकपणे लावावे, असा तो कायदा. कॅलिफोर्नियातील गिऱ्हाईक कोणालाच सोडवत नसल्यामुळे ही प्रथा जगभर पसरली. परंतु निवेदने लिहिली वकिलांनी, आणि तीही कोर्टात अंगाशी काही येऊ नये या बेताने. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अलीशिया मॅकडॉनल्ड आणि लॉरी क्रेनर या दोन संशोधिकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला. वर्षभरात ज्या ज्या संकेतस्थळांवर एक सामान्य अमेरिकन माणूस जातो, त्या सर्वांची निवेदने तो वाचू लागला, तर त्याचे दोनशेहून अधिक तास त्यात जातील. दिवसाचे आठ तास धरले तरी हे पंचवीस दिवसांचे काम झाले. ज्याने 'वाचले, मान्य आहे' या चौकोनात न वाचताच खूण केली, त्याला आळशी म्हणणे मग अन्यायाचे ठरते.

यावर तोड म्हणून त्याच विद्यापीठात २००९ मध्ये एक कल्पना पुढे आली. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती, चरबी किती, याचा छोटा तक्ता असतो, तसाच तक्ता माहितीच्या व्यवहारालाही का असू नये? ॲपल कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या ॲपच्या दुकानात ही चिठ्ठी प्रत्यक्ष लावली. माणसाचा मागोवा घेण्यासाठी वापरली जाणारी माहिती, त्याच्या ओळखीशी जोडलेली माहिती आणि न जोडलेली माहिती, असे तिचे तीन कप्पे होते. गूगलने २०२२ मध्ये तिचाच कित्ता गिरवला. कल्पना उत्तम होती. फक्त चिठ्ठी लिहायची कोणी, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही दुकानांनी एकच दिले. ज्याचा माल, त्यानेच ती लिहायची.

त्याचा परिणाम दिसायला फार दिवस लागले नाहीत. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या एका स्तंभलेखकाने जानेवारी २०२१ मध्ये काही ॲप स्वतः तपासली, तेव्हा 'आम्ही कोणतीही माहिती गोळा करीत नाही' असे सांगणारी कित्येक ॲप ती खुशाल बाहेर पाठवीत असल्याचे आढळले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १,७५९ ॲपांच्या आधीच्या आणि नंतरच्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या. मागोवा घेणारे कोडचे तुकडे सरासरीने जवळजवळ पूर्वीइतकेच होते आणि 'काही घेत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पोटात असा एक तरी तुकडा होता. मोझिला या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलच्या दुकानातील चाळीस लोकप्रिय ॲप पाहिली. त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के ॲपांची चिठ्ठी एक सांगत होती आणि त्यांचेच सविस्तर निवेदन दुसरे. गूगलने या तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, हेही नमूद केले पाहिजे.

या साऱ्याला लबाडी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः त्यात लबाडी आहे तितकेच अज्ञानही आहे. आजचे ॲप कोणी एकटा माणूस पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. नकाशा एकाकडून, जाहिरात दुसऱ्याकडून, वापराचे मोजमाप तिसऱ्याकडून, असे तयार कोडचे तुकडे जोडून ते उभे राहते. बाहेरून आणलेल्या खव्यात काय मिसळले आहे, हे जसे हलवायाला ठाऊक नसते, तसेच त्या तुकड्यांतून कोणती माहिती कोठे जाते, हे पुष्कळदा ॲप करणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि चिठ्ठीवर सही त्याची!

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या वापरणाऱ्याकडे वळावे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या नव्या अटी भारतातील लोकांपुढे ठेवल्या. ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाही तर खाते चालणार नाही. त्याच सुमारास ॲपलच्या चिठ्ठ्या नव्यानेच लागल्या होत्या. व्हॉट्सॲपची लांबलचक चिठ्ठी आणि सिग्नलची दोन ओळींची चिठ्ठी यांची तुलना करणारी चित्रे हातोहात फिरली, बहुधा व्हॉट्सॲपवरूनच. लोकांनी सिग्नल आणि टेलिग्राम धडाधड उतरवून घेतले. खाजगी संदेशांचे कुलूप शाबूतच आहे आणि बदल मुख्यतः व्यापारी संदेशांपुरता आहे, असे कंपनी सांगत राहिली आणि तिने मुदत १५ मेपर्यंत लांबवली. कबुलीने लोक हलतात, याचा यापेक्षा ठळक पुरावा कोणता हवा?

परंतु त्यानंतर बहुतेक लोक होते तेथेच राहिले. सोसायटीचा गट तेथे, मुलांच्या शाळेचा गट तेथे, इंदूरच्या आत्या आणि बडोद्याचे काका तेथे. एकट्या माणसाने बिऱ्हाड हलवून काय साधणार? चाळीतले शेजारी जागचे हलत नाहीत, तोवर नळाचे पाणी गढूळ आहे हे कळूनही माणूस त्याच नळावर जातो. कंपनीला जाब विचारला तो शेवटी भारतीय स्पर्धा आयोगाने. त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायम ठेवला. मात्र जाहिरातींसाठी माहिती आपल्या इतर कंपन्यांना देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी त्याने उठवली.

म्हणजे चिठ्ठी निरुपयोगीच, असा निष्कर्ष काढावा काय? खाद्यपदार्थांचा इतिहास त्याच्या आड येतो. अमेरिकेत १ जानेवारी २००६ पासून पुड्यावर ट्रान्स फॅट या घातक चरबीचा आकडा छापणे सक्तीचे झाले. दुकानात उभे राहून तो आकडा किती गृहिणींनी वाचला असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. परंतु तो छापावा लागणार, या धास्तीनेच अनेक कारखानदारांनी आपल्या कृती बदलल्या. तेथे चिठ्ठीचा खरा वाचक ती लिहिणाराच ठरला. तथापि दोन गोष्टी विसरता कामा नयेत. तो आकडा प्रयोगशाळेत कोणालाही पडताळता येत होता; आणि एवढे होऊनही त्या चरबीचे मुख्य मूळ असलेली कृत्रिम तेले बाद करण्यासाठी पुढे सरकारला बंदीच घालावी लागली.

मोबाइलच्या जगात असा धक्का एकदाच बसला, आणि तो चिठ्ठीने नव्हे, एका प्रश्नाने दिला. २६ एप्रिल २०२१ पासून ॲपलच्या फोनवर प्रत्येक ॲपला विचारणे भाग पडले: इतर कंपन्यांच्या ॲपांत आणि संकेतस्थळांवर तुमचा मागोवा घेऊ काय? खाली दोन बटणे, सारख्याच आकाराची. वाचायला काही नाही, शोधायला काही नाही, आणि 'नको' म्हटले तरी ॲप चालूच राहणार. निरनिराळ्या अंदाजांनुसार बहुसंख्य लोकांनी 'नको' म्हटले. फेसबुकने आधीच, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतील मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन या बदलाविरुद्ध गळा काढला होता, तो उगाच नव्हे. या बदलामुळे त्या वर्षी सुमारे दहा अब्ज डॉलर उत्पन्न बुडेल, असे फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या समभागाची किंमत सव्वीस टक्क्यांनी कोसळली. वीस वर्षांच्या निवेदनांनी जे साधले नव्हते, ते दोन बटणांनी साधले.

अर्थात येथेही 'आपला तो बाब्या' हा न्याय होताच. ॲपलच्या स्वतःच्या सेवांना हीच कसोटी तशीच लागू नव्हती, आणि योजनेच्या एकूण आखणीबद्दल फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने ३१ मार्च २०२५ रोजी ॲपलला पंधरा कोटी युरोंचा दंड केला. जाहिरात कंपन्याही हात जोडून बसल्या नाहीत. फोनच्या बारीकसारीक लक्षणांवरून माणूस ओळखण्याच्या आडवाटा त्यांनी शोधल्या.

मात्र 'नको' म्हणण्याची ऐपत ज्याच्यापाशी नाही, त्याचे काय? हा प्रश्न भारतात फार दारुण रूपात पुढे आला. तत्काळ कर्ज देणारी ॲप फोनमधील संपर्कयादी मागत. मागणी उघड होती, परवानगीची चौकट समोर येत होती, आणि दोन-पाच हजारांसाठी अडलेला माणूस 'होय' म्हणत होता. हप्ता चुकला की त्याच यादीतील सासऱ्याला, मालकाला, मैत्रिणीला फोन जात आणि बदनामीचा मजकूर पोचे. २०२० च्या अखेरीस हैदराबाद आणि आसपासच्या भागातून या छळापायी झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये जे केले, ते कबुलीजबाबाच्या पलीकडचे होते. कर्ज देणाऱ्या ॲपने संपर्कयादी, फाइल आणि कॉलच्या नोंदी यांना हातच लावायचा नाही, असे तिने बजावले. मग कर्जदार संमती देवो वा न देवो.

संसदेने २०२३ मध्ये केलेला वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा पुन्हा सूचना आणि संमती यांच्यावरच उभा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती काढून घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, ही त्यातील अट मोलाची आहे. दुसरी तरतूद मराठी माणसाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत सूचना वाचण्याची सोय कंपनीने द्यायची आहे. तेथे राज्याच्या सीमेचा प्रश्न येत नाही. बेळगाव, हैदराबाद वा ग्वाल्हेर येथे राहणाऱ्या मराठी घरालाही ती मराठीत मागता येईल, गोव्यातील घराला कोकणीत.

ती मराठी कोणती असेल, हे मात्र पाहावे लागेल. 'आपली विदा तृतीय पक्षाशी सामायिक करण्यात येऊ शकते' असे वाक्य विम्याच्या कागदावरून उचलून तेथे ठेवता येते. 'तुमच्या फोनमधील सर्वांचे नंबर आम्ही जाहिरात कंपनीला देऊ' असेही लिहिता येते. कायद्यान्वये नेमायच्या मंडळापुढे ज्या दिवशी पहिल्या प्रकारची एखादी सूचना तपासणीला येईल, त्या दिवशी मंडळाचा सदस्य तिच्यापुढे फक्त 'सूचना दिली' अशी खूण करतो, की ॲप उघडून माहिती खरोखर कोठे जाते ते पाहतो, यावर पुष्कळ काही ठरणार आहे.