किती वाजता?



११ नोव्हेंबर २००६. नवी मुंबईत, वाशीला, भर दुपारी दोन माणसांना उचलून गाडीत घालून नेण्यात आलं. त्यांतला एक रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया. त्याच्यावर गुन्हे दाखल होते आणि छोटा राजनच्या टोळीशी त्याचं नाव जोडलं जात होतं. त्याचा भाऊ रामप्रसाद वकील. खबर कानावर येताच त्याने पोलीस आयुक्तालयांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स धाडले. भावाला पोलिसांनी उचललं आहे, त्याच्या जिवाचं बरंवाईट होईल, असा त्यांचा आशय. त्याच संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ झालेल्या ‘चकमकी’त लखनभैया ठार झाल्याचं जाहीर झालं.

चकमकीच्या फिर्यादी ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना त्यांचा साचा तोंडपाठ असतो. खबऱ्याकडून मिळालेली माहिती, लावलेला सापळा, शरण येण्याचं आवाहन, समोरून गोळीबार, स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर आणि शेवटी रुग्णालयात ‘दाखलपूर्व मृत’. माणसं बदलतात, मजकूर तोच. असल्या फिर्यादीला आव्हान देणं फार अवघड, कारण घटनास्थळी हजर असलेले सगळे एकाच बाजूचे असतात आणि दुसऱ्या बाजूचा माणूस बोलायला उरलेला नसतो.

या प्रकरणात मात्र एक अडचण होती. तारेवर तारघराचा शिक्का पडायचा आणि शिक्क्यात वेळ असायची. फॅक्सच्या कागदावरही ती छापून येते. जो माणूस संध्याकाळी वर्सोव्यात अचानक पोलिसांच्या समोर आला म्हणून सांगितलं जात होतं, तो पोलिसांच्या ताब्यात असल्याची तक्रार त्याच्या भावाने त्याआधीच कशी केली? या प्रश्नाला फिर्यादीच्या साच्यात उत्तर नव्हतं.

रामप्रसाद गुप्ता काही दिवसांतच मुंबई उच्च न्यायालयात गेले. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, चकमक बनावट असल्याचा निष्कर्ष आला आणि २००९ मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं. मोबाइल कंपन्यांकडच्या नोंदी, म्हणजे आज सगळे ज्याला सीडीआर म्हणतात त्या, तपासल्या गेल्या. कोण अधिकारी कोणत्या टॉवरखाली किती वाजता होता, ते त्यातून उलगडत गेलं. वाशीहून लखनभैयाबरोबर उचललेला मित्र हा मुख्य साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या तोंडावर, तो बेपत्ता झाला आणि पुढे मृतावस्थेत सापडला. खटला तरीही चालला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप सुनावली, त्यांत १३ पोलीस होते. ‘चकमकफेम’ पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा निर्दोष सुटले. (योगायोग असा, की ज्या महिन्यात हा निकाल लागला त्याच महिन्यात देशातली तारसेवा कायमची बंद झाली.) डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने ११ दोषी पोलिसांची शिक्षा स्थगित करून त्यांना बाहेर काढलं, उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. १९ मार्च २०२४ रोजी न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम केली आणि शर्मा यांनाही दोषी ठरवून जन्मठेप दिली. शर्मा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

म्हणजे सतराहून अधिक वर्षं.

इतक्या वर्षांत एक वाक्य सतत ऐकू येत राहिलं: गुंडच होता ना, मग एवढा आटापिटा कशाला? लोकलच्या डब्यात हे वाक्य बोललं जातं, लग्नाच्या पंगतीत बोललं जातं, आणि ते बोलणारे सगळे दुष्ट नसतात. कोर्टात वीस-वीस वर्षं खटले पडून राहतात, साक्षीदार फितूर होतात, खंडणीखोर जामिनावर येऊन पुन्हा दुकानाच्या दारात उभा राहतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांचा राग खरा आहे, फक्त तो चुकीच्या माणसांना अधिकार देऊन बसतो. कोण गुंड हे पोलिसांनीच ठरवायचं आणि शिक्षाही त्यांनीच द्यायची म्हटलं, की वर्दीतल्या माणसाची सुपारी घेण्याची सोय आपसूक होते. लखनभैयाच्या खुनात दोषी ठरलेल्यांत पोलीस नसलेली माणसंही होती, हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा.

राज्यघटनेने हा धोका आधीच ओळखला होता. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत मसुद्यातलं १५-अ हे नवं कलम मांडलं, तेच आजचं कलम २२. जीवित आणि स्वातंत्र्याविषयीच्या मूळ कलमातून ‘विहित न्याय्य प्रक्रिये’ची हमी गळल्याने सभेत आणि बाहेर नाराजी होती, तिची काही भरपाई म्हणून हे कलम आलं. त्यात मोठी तत्त्वं नाहीत, व्यवहार आहे. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. ज्या देशात फौजदार म्हणेल ती पूर्व दिशा असायची, तिथे फौजदाराच्या मनगटावर घड्याळ बांधण्याचं काम या कलमाने केलं.

घड्याळ बांधलं तरी ते मागेपुढे करता येतं. स्टेशन डायरीत अटकेची नोंद सकाळी नऊची, प्रत्यक्षात माणूस आदल्या रात्रीपासून पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, ही तक्रार फौजदारी कोर्टात काम करणाऱ्या कोणाही वकिलाला नवी नाही. त्यावर उपाय निघाला तोही एका पत्रातून. ऑगस्ट १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणं जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल आला. त्यातलं अटकेचं टिपण म्हणजे जेमतेम पानभर कागद. अटकेची तारीख आणि वेळ लिहायची, घरचा कोणी किंवा मोहल्ल्यातला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार म्हणून सही करणार आणि अटक झालेल्याचीही सही घ्यायची. अंगावरच्या छोट्या-मोठ्या जखमा अटकेच्या वेळीच नोंदवायच्या. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी. पुढे यातल्या बऱ्याच गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आल्या आणि तिथून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही. अटकेच्या वेळी नोंदलेली जखम नसेल आणि चार दिवसांनी शवविच्छेदनात ती सापडली, तर मधल्या चार दिवसांचा हिशेब पोलिसांनी द्यायचा. या साध्या वजाबाकीसाठी तो कागद.

पण नुसता कागद पुरत नाही, कारण कागद दुसरी बाजूही लिहीत असते.

डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरला बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्यात संशयित म्हणून मूळचा परभणीचा, दुबईत नोकरी करणारा ख्वाजा युनूस हा अभियंता त्याच महिन्यात पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, की तपासासाठी त्याला औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीप दरीत कोसळली आणि तो अंधारात पसार झाला. जीप होती, दरी होती, अपघाताची नोंदही होती. युनूस मात्र नंतर कोणालाच दिसला नाही. कोठडीत त्याला जबर मारहाण झाल्याचं बरोबरच्या आरोपीने सांगितलं, आई आसिया बेगम उच्च न्यायालयात गेल्या, सीआयडीचा तपास झाला आणि अपघाताची गोष्ट रचलेली असल्याचं त्यातून पुढे आलं. सीआयडीने १४ पोलिसांकडे बोट दाखवलं. सरकारने खटला भरायला मंजुरी दिली ती चौघांविरुद्ध. उच्च न्यायालयाने आईला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली, खटला मात्र वर्षानुवर्षं रखडला. चौघांतले एक, सचिन वाझे, २०२० मध्ये सेवेत परतले. त्यानंतर वर्षभरात अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात ते पुन्हा कोठडीत गेले, हे सगळ्यांना माहीत आहे.

चौदाचे चार कुठे झाले? मंत्रालयात. सरकारी नोकरावर कर्तव्याच्या ओघात घडलेल्या कृत्यासाठी खटला भरायचा तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. तरतूद जुनी आणि तिचा हेतू वाईट नाही, कारण काम करणाऱ्या अधिकाऱ्याला सूडाच्या फिर्यादींनी जेरीस आणता येऊ नये. प्रत्यक्षात फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते आणि कुठेतरी झोपते. नव्या संहितेच्या कलम २१८ ने यावर १२० दिवसांची मुदत घातली आहे. तेवढ्या काळात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यांवर पुष्कळ टीका झाली आणि तिच्यात तथ्यही आहे, पण ही एक ओळ वकिलांनी अधोरेखित करून ठेवावी अशी.

मंजुरीच्या याच दारावर महाराष्ट्रातलं एक फार मोठं प्रकरण अडलं होतं आणि त्यातला दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. सिमेंट परवान्यावर मिळायचं तो काळ. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेलं सिमेंट यांचा मेळ न्या. बख्तावर लेंटिन यांनी उच्च न्यायालयात घातला आणि जानेवारी १९८२ मध्ये दोहोंत संबंध असल्याचा निकाल दिला. मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पदच राहिलेलं नसेल तर मंजुरीची गरज नाही. इथपर्यंतची गोष्ट टाळ्यांची. पण त्याच निकालात न्यायालयाने खटला लवकर निघावा म्हणून तो विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला होता. कायद्यात तसा मार्ग नव्हता आणि अंतुल्यांचा अपिलाचा एक टप्पा त्यात बुडत होता. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने आपल्याच न्यायालयाचा तो आदेश मागे घेतला. बऱ्याच लोकांना तेव्हा वाटलं, मोठा मासा सुटला. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी स्वतःला कायद्याच्या कक्षेत आणलं होतं, आणि माजी मुख्यमंत्र्यालाही विहित प्रक्रियेचा तेवढाच हक्क आहे जेवढा लखनभैयाला होता, हे मान्य केलं होतं. ज्यांना एकाच्या बाबतीत हे पटतं त्यांना दुसऱ्याच्या बाबतीत पटत नाही, अशी आपल्याकडची एकूण रीत.

पोलीस सुधारणांचं काय झालं, ते थोडक्यात सांगता येईल. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सप्टेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले, त्यांत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण होतं. महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती करायला २०१४ उजाडलं. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाज टिपणारे सीसीटीव्ही कॅमेरे लावा, असाही आदेश झाला. नेमक्या हव्या त्या दिवशी कॅमेरा बंद असल्याचं उत्तर त्यानंतरही मिळतंच.

आणि पुन्हा परभणी. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे आंबेडकर पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड झाली. पकडलेल्यांत कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमा नोंदल्या गेल्या, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरलं. एवढं होऊनही गुन्हा दाखल होत नव्हता. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी हे कायदा सांगतो, अहवाल आल्यावर पुढची पावलं कोणी आणि कधी टाकायची याबद्दल तो मोघम आहे. आईच्या याचिकेवर औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि महिनाअखेरीस तिथे हरलं. कोण दोषी हे खटल्यात ठरेल. पण साधा गुन्हा नोंदवण्यासाठी एका आईला सात महिने आणि दोन न्यायालयं लागली. आज कायद्याची पदवी घेणाऱ्यांपैकी कोणाच्याही वर्गात तो बसला असता.

स्नातकांपैकी बरेच जण मोठ्या फर्ममध्ये जातील, कोणी परीक्षा देऊन न्यायाधीश होतील, कोणी सरकारी वकील, एखादी मुलगी कदाचित पोलीस सेवेतही. यातले जे तालुक्याच्या कोर्टात रिमांडच्या कामाला उभे राहतील, त्यांच्या हाती नोव्हेंबर २०२५ मध्ये एक नवं साधन आलं आहे. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातून उद्भवलेल्या मिहीर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या माणसाला इंग्रजीतला छापील फॉर्म देऊन आता भागणार नाही. रिमांडच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीच्या वकिलाला बोलायला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांत विचारायचे प्रश्न आता ठरलेले आहेत: कागद मिळाला का, कोणत्या भाषेत, वाचून कोणी दाखवला आणि किती वाजता. उत्तर मिळालं की ते वकीलपत्राबरोबर लेखी अर्जात घालून त्याच दिवशी न्यायाधीशांपुढे ठेवायचं आणि रोजनाम्यात त्याची नोंद झाली का, ते कोर्टातून निघण्याआधी पाहायचं.