अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. सातवी शिकलेली बाई अर्थशास्त्रावर काय बोलणार, असे घरीही विचारून झाले आहे. पण बोलण्याचे कारण घरातच घडले. धाकट्याने शाळेचा फॉर्म भरला आणि आईच्या व्यवसायापुढे ‘काही नाही’ असे लिहिले. मी त्या वेळी पोळ्या लाटत होते.

नंतर भाचीने मला एका सरकारी पाहणीची माहिती वाचून दाखवली. 2019 साली देशभरातील सुमारे 1 लाख 39 हजार घरांत जाऊन सहा वर्षांवरील माणसांना विचारले, की काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केलेत? उत्तरे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत लिहून घेतली. दिवसभरात घरचे बिनपगारी काम केलेल्या बायका निघाल्या शंभरात 81, पुरुष 26. बरे, ज्यांनी केले त्यांच्यातही बायकांची सरासरी 299 मिनिटे, पुरुषांची 97. 2024 साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा आपली मिनिटे 289 झाली. दहा मिनिटे वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही 88 वर आली!

एका बाईने सांगितले तर ती कुरकुर ठरते. चार लाखांवर माणसांचा दिवस मांडून दाखवला, की कुरकुर कोणाला म्हणणार? नळ कोठे हवा, पाळणाघर कोठे हवे, हे ठरवायला असेच आकडे लागतात.

देशाच्या उत्पन्नाचा हिशेब मात्र मला अजून उमगत नाही. त्याच्या जागतिक नियमांत घरासाठी विहिरीचे पाणी भरून आणणे उत्पादनात धरतात. त्याच पाण्यात घरच्यांसाठी भात शिजवणे धरत नाहीत. पगारी स्वयंपाकीण ठेवली, तर तिचा पगार मोजतात. भात तोच!

मग मीही दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागल्या बाजूला रकाने आखले. सात ते साडेसात : कुकर, सासूबाईंचे औषध, धाकट्याची गणिते. एका रकान्यात तीन कामे. पाहणीवाल्यांनाही हे ठाऊक आहे, ते एकाहून अधिक कामे लिहून घेतात. पण दळण आणायचे आहे, गॅस संपत आला आहे, हे डोक्यात चाललेले कोठे लिहायचे?

वही धाकट्याच्या हाती लागली. रात्री दोन ते अडीचपुढे मी ‘झोप’ लिहिले होते. तो म्हणाला, “आजीने हाक मारली की तू उठतेस ना? मग झोप कशी?” मी तो शब्द खोडला. त्या जागी काय लिहावे, ते अजून ठरलेले नाही.