डोळ्यांत पाणी, तरी ब्रह्मानंदी टाळी



गाणं रंगलं की ‘ब्रह्मानंदी टाळी लागली’ असं आपण सहज म्हणून जातो. ती टाळी लागते कशी आणि हुकते कधी, हे आज पाहू.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. त्यांत करुण आहे, भयानक आहे, बीभत्सही आहे; आनंद नावाचा रस मात्र नाही. कोणताही रस मनापासून चाखला की जे पदरी पडतं, तो आनंद. १४व्या शतकातल्या विश्वनाथाने त्या आस्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर, म्हणजे सख्खा भाऊच ठरवलं.

मग रडवणाऱ्या नाटकात आनंद कुठला? ‘एकच प्याला’ घ्या. ते लिहिणारे गडकरी गेले आणि त्याच वर्षी, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व त्यातली नायिका सिंधू झाले. नवऱ्याच्या दारूने घराची धूळधाण झालेली, दळण दळून ती दिवस ढकलतेय. शेजारच्या घरात हे घडलं तर आपल्याला घास गिळवणार नाही. नाटकात मात्र डोळे पुसत पुसत आपण म्हणतो, काय प्रयोग झाला!

काश्मीरच्या अभिनवगुप्ताने याची उकल केली. रंगमंचावरचं दुःख ना माझं, ना शेजाऱ्याचं. ते सगळ्यांचं होतं. म्हणून त्याची झळ लागत नाही, चव लागते. या चवीच्या आड येणारी सात विघ्नंही त्याने मोजली. त्यांतलं एक आपल्या रोजच्या ओळखीचं: स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून बसणं. देह थिएटरात, जीव घरच्या भांडणात! त्यावर त्याने सांगितलेला एक उतारा म्हणजे गाणं-बजावणं.

संगीत नाटकातली पदं या कानाने ऐकून बघा. सिंधू गायला लागते तेव्हा कथा थबकते. कुणाला वाटतं, एवढ्या दुःखात हिला गाणं सुचतं कसं? पण त्याच वेळी सूर आपल्या मनाची गाठ सैल करत असतो. बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका मिळवा. पहिल्यांदा शब्द ऐका. दुसऱ्यांदा फक्त एवढंच बघा, की ते कोणत्या शब्दावर रेंगाळतात आणि तोच शब्द फिरून कसा वेगळा म्हणतात. त्या रेंगाळण्यात सिंधूची कहाणी मागे पडून नुसता करुण उरला, की समजा टाळी लागली.